तव्यावरची पहिली भाकरी

लादिनीच्या दिवशी बारदेस्करांच्या अंगणात भांडण झालं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. एका वर्षी चण्यांत खोबरं कमी पडलं म्हणून, एका वर्षी क्रुसाला पांढरा रंग द्यायचा की निळा म्हणून, आणि एकदा तर गाणं आधी कुणी उचलायचं यावरून दोन चुलतभाऊ पुढच्या लादिनीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. मे महिन्यातल्या त्या एका संध्याकाळी अंगणातल्या क्रुसापुढं मेणबत्त्या लागायच्या, सगळं गोत गुडघे टेकून मरियामातेची आळवणी गायचं, मग उकडलेले चणे वाटले जायचे आणि चणे खाऊन अंगात ताकद आली की भांडायला बसायचं. त्यामुळं यंदाही काहीतरी होणार हे नातालीनला कोल्हापुरात एस.टी.त बसतानाच ठाऊक होतं. फरक एवढाच, की यंदाचं भांडण ती स्वतःच पर्समध्ये घालून निघाली होती.

कागल सोडून हुपरीच्या अंगाला वळलेल्या रस्त्यावर, फाट्यापाशी, तिचा धाकटा भाऊ अंतोन मोटरसायकल घेऊन उभा होता. ती खाली उतरते न उतरते तोच त्यानं सुरू केलं.

"ताई, आज काय त्यो सोक्षमोक्ष लावून टाक. आई माझं ऐकत न्हाय. परवा परत हात भाजून घेतलाय."

"पुन्हा भाकरी?"

"मग काय बिर्याणी करत्या व्हय? एका हातात वॉकर, एका हातानं भाकरी. स्नेहल म्हणली, आई, मी थापते, तुमी बसा. तर म्हणती कशी, सांगितलंय ते मला, तुला न्हाय."

"कुणी सांगितलंय म्हणे?"

"ते तिला म्हाईत आन् देवाला."

नातालीन मागं बसली. देवाखेरीज आणखी एका माणसाला ते माहीत होतं, आणि ते माणूस या घडीला अंतोनच्या खांद्याला धरून खड्डे चुकवत चाललं होतं.

मार्चमध्ये त्यांची आई, बयाबाई, न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखाना झाला, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभर जवळ माणूस हवं. अंतोन दूध संघात, त्याची बायको स्नेहल सकाळी घरकाम आटोपून हुपरीच्या एका कारखानदाराकडं पैंजणाच्या कड्या जोडायला जायची. नातालीनचा कोल्हापुरात लिफ्टचा फ्लॅट होता, शाळेतली नोकरी सुटायला अजून सहा वर्षं होती, पण नवरा निवृत्त होऊन घरीच होता आणि सासूची सेवा करायला एका पायावर तयार होता. असा जावई शोधून मिळत नाही. पण बयाबाईंचं एकच, "शालूची भाकरी कोण देणार?"

शालूबाई म्हणजे धाकटी जाऊ. घर समोरच, अंगणाच्या पलीकडं, मध्ये क्रूस. या दारातून त्या दारात अठरा पावलं. लहानपणी नातालीनची तीस व्हायची.

बेचाळीस वर्षं, रोज, तव्यावरची पहिली भाकरी त्या अठरा पावलांवरून पलीकडं गेली होती. पहिली भाकरी बिघडते म्हणतात. तवा नीट तापलेला नसतो, ती चिकटते, नाहीतर करपते. बयाबाईंची कधी बिघडली नाही. तवा पुरता तापेपर्यंत त्या थांबत, पाण्याचे थेंब टाकून बघत, आणि मग थापत. गावातल्या बायका हसायच्या. आम्ही पहिली भाकरी गाईला घालतो, म्हणायच्या, ही बारदेस्करीण जावंला घालत्या. बयाबाई ऐकून घ्यायच्या. उत्तर देणं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं नाही ते करायचं नाही, सांगितलं ते सोडायचं नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. सकाळी उठल्यावर प्रार्थना, जेवायच्या आधी क्रुसाची खूण, शुक्रवारी मटण नाही, रविवारी मिस्सा आणि रोज पहिली भाकरी. अंगाला ताप असला तरी. गुड फ्रायडेला घरी सगळे उपाशी असले तरी. नातालीनचे वडील इनास वारले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, शेजारपाजारून जेवण आलं. पण भल्या सकाळी परसात तीन दगड मांडून बयाबाईंनी एक भाकरी केली आणि डोळे पुसत देऊन आल्या. लोकांनी तोंडात बोटं घातली. नातालीनलाही त्या दिवशी आईचा राग आला होता, आणि रागाच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, ज्याच्याकडं तिनं पाहिलं नाही.

शालूबाई भाकरी घ्यायच्या. पण बयाबाईंच्या घराचा उंबरा त्यांनी बेचाळीस वर्षांत ओलांडला नव्हता. थोरल्या दिराला, इनासना, पोचवायला आल्या तेव्हाही अंगणातच उभ्या राहिल्या.

घरी पोचल्यावर आईनं नातालीनचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डाव्या हाताला बर्नॉल चोपडलेलं होतं.

"वाळलीस गं."

"आई, मी शहात्तर किलो आहे."

"व्हय, पण तोंड वाळलंय."

आयांना कसं कळतं कोण जाणे. नातालीन आत जाऊन स्नेहलला खोबरं कातरून द्यायला बसली. भिंतीवरच्या खुंटीला तो निळ्या काठाचा फडका लटकत होता, ज्यात भाकरी गुंडाळून जायची. तो तोच नव्हता अर्थात. फडके झिजत गेले, निळा काठ मात्र आईनं दर वेळी शोधून आणला. तो बघितला आणि नातालीनच्या बोटांना गरम भाकरीची ऊब आठवली.

दहा वर्षांची होती ती. दोन घरांची चूल वेगळी होऊन वर्ष होत आलं होतं. मोठी माणसं बोलत नव्हती, पोरांनी पलीकडं जायचं नाही असा दम होता. आणि एके दिवशी आई चर्चमधून आली, चुलीपुढं बसली, भाकरी केली आणि म्हणाली, "जा, काकूला दिऊन ये. काय बोलू नको." काकूनं दारातच एका हातानं ती घेतली, तोंडातून शब्द नाही. महिनाभर असंच. मग एकदा काकू म्हणाली, "केस बघ की कसं झाल्यात," आणि आत बोलावून तेल लावून दिलं. मग शेंगदाणे-गूळ मिळायला लागला. मग रेडिओ. मग काकूचा चार वर्षांचा पेद्रू मांडीवर येऊन बसायला लागला, नाक पुसत पुसत ताई ताई करायला लागला. आख्ख्या गोतात पलीकडं जायची मुभा असलेलं एकच माणूस होतं, आणि ते ती होती. त्या वर्षाइतकं श्रीमंत तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात आईनं तिला परसात नेऊन पोस्टकार्ड लिहायला बसवलं. आईला लिहिता येत नव्हतं. "फादर हर्मनला लिही. म्हणावं, तुमी सांगितलेलं काम रोज करते. किती दिस करू? थांबू का? एवढंच. आन् कुणाला सांगू नको." फादर हर्मन जर्मन, मराठी बोलायला लागले की पोरं आयांच्या पदरात तोंड घालून हसायची, पण माणूस सोन्याचा. त्यांची पुण्याला बदली झाली होती.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पोस्टमननं ते शाळेतून येणाऱ्या नातालीनच्या हातात दिलं. तिनं फाट्यावरच वाचलं, आणि ख्रिस्ती शिकवणुकीच्या पुस्तकात ठेवलं. उद्या देऊ म्हणून. कारण उद्या काकू नाताळची रिबन लावून वेणी घालणार होती. मग परवा. मग पेद्रूला गोवर आला. मग फेब्रुवारीत बातमी आली की फादर हर्मन हृदय बंद पडून गेले, आणि आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आता थांब म्हणणारं कोण राहिलं न्हाय."

त्यानंतर सांगायचं कसं?

ते कार्ड आता नातालीनच्या पर्समध्ये होतं.

*

फादर सिरिल पाच वाजताच आले. वसईकडचे, वय तेहतीस, बुलेटवर फिरणारे. लादिनीआधी ज्यांना कुमसार, म्हणजे पापाची कबुली द्यायची असेल त्यांच्यासाठी ते चिंचेखाली खुर्ची टाकून बसले. दोन म्हाताऱ्या उरकल्या. मग नातालीन जाऊन शेजारच्या स्टुलावर बसली, आणि आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला तिनं दहाव्या वर्षीचं पाप सांगितलं. दर ईस्टरच्या आधी ती कबुली द्यायची. रागावले, खोटं बोलले, सासूविषयी वाईट बोलले. हे कधी सांगितलं नव्हतं.

फादर सिरिल खुर्चीतून पुढं वाकले.

"प्रायश्चित्त म्हणून ते कार्ड आईंना द्या," ते म्हणाले.

"त्यापेक्षा पन्नास जपमाळा सांगा, फादर."

"त्या तुम्ही आवडीनं म्हणाल."

"मी त्यांना सांगितलं तर त्यांची बेचाळीस वर्षं पाण्यात गेली असं होईल. पंच्याहत्तर वय आहे त्यांचं. मला वाटतं, त्यांना तसंच राहू द्यावं. तुम्हीच सांगा ना, की मी तुम्हाला मोकळं करतो. तुम्हाला तेवढा अधिकार आहे."

"आहे. पण तुमच्या कार्डाची जागा मी घेणार नाही."

"आजच द्यायचं?"

"दिवस मी सांगत नाही. पण तुम्हीच आता म्हणालात, तुमच्या आईंनी एक दिवसही उद्यावर टाकला नाही."

नातालीनला राग आला. शिक्षिका होती, पोरगेल्या माणसानं आपल्याला पकडलं की जो राग येतो तो. फादरांनी हात वर करून क्षमेची प्रार्थना म्हटली, तिनं क्रुसाची खूण केली आणि ती उठून चण्यांना मीठ लागलंय का बघायला गेली.

लादिन नेहमीसारखी झाली. झेंडूची माळ, मेणबत्त्या, पेटी वाजवणारा एक भाचा. अर्धे शब्द लॅटिन, अर्धे कोकणी. मूळच्या बार्देस मुलखातून पूर्वज निघाले तेव्हाचे. अर्थ कुणालाच कळत नव्हता आणि चूक मात्र सगळ्यांना कळत होती. बयाबाई खुर्चीत बसून सुरात म्हणत होत्या. क्रुसाच्या पलीकडच्या अंगाला शालूबाई काठीवर हनुवटी ठेवून बसल्या होत्या, आणि दर ओळीचा दुसरा भाग त्या उचलत होत्या. सासऱ्यांनी दोघींना एकाच वर्षी शिकवलं होतं. दोघी नव्या सुना असताना, एक चूल असताना, असंच दोन बाजूंना बसून म्हणायच्या. डोळे मिटले तर नातालीनला ते आवाज तेव्हाचेच वाटत होते. तिनं डोळे मिटलेच ठेवले.

चणे झाले. पाहुणे पांगले. घरचे आणि फादर उरले, आणि अंतोननं विषयाला तोंड फोडलं.

"तर फादर हायीत तवर ठरवूया. आई, तू ताईकडं जायचं. जून लागायच्या आत."

"मी न्हाय जायाची."

"काकी, ऐका की," पेद्रू म्हणाला. तो आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर होता, पोट सुटलेलं, मिशीत पांढरे केस. "भाकरीचंच न्हवं? आमच्या घरात रोज वीस चपात्या होत्यात. माझी आई काय उपाशी मरंना."

"तुझ्या आईला विचारलंस का?" पलीकडून शालूबाई कडाडल्या.

"आई, तुला पायजे व्हय भाकरी? दात तरी हायीत का?"

"दुधात भिजवून खाते. तुझ्या बाऽचं काय जातंय?"

स्नेहल आतापर्यंत नणंदेच्या बाजूनं होती. दोन महिने उठबस करून तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. पण सासूचा चेहरा बघून तिनं बाजू बदलली. "वन्सं, राहू देत त्यांना. मी कामाला दुपारनं जाईन. दोघी मिळून करू भाकरी."

"आणि पुन्हा पडली तर?" नातालीन म्हणाली. आवाज नको तितका चढला. "आई, एका भाकरीपायी तू पाय मोडून घेणार आहेस का? कशासाठी? सांग तरी!"

बयाबाईंनी वॉकरची दांडी घट्ट धरली. मग त्या फादर सिरिलकडं वळल्या. "फादर, ही कुमसारातली गोष्ट हाय. तुमी बोलू नका. पाप माजं हाय, मी सांगते."

त्यांनी पलीकडं शालूबाईंकडं एकदा बघितलं.

"चूल येगळी झाल्यावरची गोष्ट. शाली तापानं आडवी पडलीती. भाऊजी साखर कारखान्यावर, गळीत चालू. मला म्हाईत हुतं. पर मी म्हणलं, ईगळं व्हायची हौस ह्यांचीच, आता भोगा. संध्याकाळी ह्यो पेद्रू दारात आला. एवढासा. म्हणला, काकी, भूक लागलीया. तव्यावर भाकरी हुती. फुगलेली. मी म्हणलं, जा, आईला सांग तुमची चूल आता ईगळी हाय. आन् दार लावलं." त्या थांबल्या. "पोरगं बाहीर उभं राहून रडलं. मी आत बसून भाकरी खाल्ली."

"मला काय बी आठवत न्हाय काकी," पेद्रू खाली बघत म्हणाला.

"मला आठवतंय की."

बयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"फादर हर्मननी प्रायश्चित्त दिलं. तव्यावरची पयली भाकरी रोज त्या घरात जायाला पायजे. मी थांब म्हणंस्तवर. महिन्या-दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. मी पत्र घातलं. उत्तर आलं न्हाय. मग त्ये गेलं."

"मावशी," फादर सिरिल हळूच म्हणाले, "नंतरच्या कुणाही फादरांनी तुम्हाला मोकळं केलं असतं."

"केलं असतं. पर ज्यांनी सांगितलं त्यांनी थांब म्हणायला पायजे हुतं." बयाबाईंचा आवाज बारीक झाला. "उत्तर आलं न्हाय म्हंजे त्यांनी मला क्षमा केली न्हाय. आसंच समजून चालले मी."

बेचाळीस वर्षं नातालीनला वाटत आलं होतं की तिनं आईवर एका भाकरीचं काम लादलं. त्याच्याखाली हे होतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिनं पर्सची चेन उघडली.

"उत्तर आलं होतं, आई."

तिनं कार्ड काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई फिकी झाली होती, पण फादर हर्मनचं ते बोरूनं काढल्यासारखं ठसठशीत अक्षर सगळं वाचता येत होतं. ती शाळेत वाचायची तशीच उभी राहून वाचू लागली, आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला.

"प्रिय बयाबाई, ते काम पूर्ण झाले. आता पुरे. देवाने तुला केव्हाच क्षमा केली आहे. पुढे जे करशील ते आनंदाने कर. तुझा, फादर हर्मन."

"कवा आलतं?" बयाबाईंनी विचारलं.

"नाताळाच्या आधी. त्याच वर्षी."

"आन् तू?"

"काकूकडं जायचं बंद झालं असतं," नातालीन म्हणाली. बावन्न वर्षांची बाई, पाचशे पोरांची हेडमास्तरीण, हुंदके द्यायला लागली. "पेद्रू भेटला नसता. मी उद्या देईन म्हणत होते. मग फादर गेले. चुकलं माझं, आई. फार चुकलं."

बयाबाईंनी हात पुढं केला. कार्ड घेतलं. वाचता येत नव्हतं तरी त्या बघत राहिल्या, अंगठा अक्षरांवरून फिरवत राहिल्या. "बेचाळीस वर्सं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्ये माझ्यावर रागावून मेलं." आणि मग स्नेहलला, "मला आत ने."

"थांब बयाक्का," शालूबाई म्हणाल्या. काठी टेकून उभ्या राहिल्या. "मी बी सांगते. सगळी सांगाय लागलाय तर. पयली दोन वर्सं तुझी भाकरी मी म्हशीला घातली."

अंतोनच्या तोंडून अनवधानानं हसू सुटलं.

"हसू नको रे. हिनं माझ्या पोराला हाकललं, आन् आता फडक्यात बांधून भाकरी पाठवत्या, म्हणलं, मला खिजवाया. म्हशीनं खाल्ली. चांगली दूध द्यायची ती म्हस. मग ती विकली. भाकरी टाकायची कुठं? आन्न हाय. म्हणून खाल्ली." त्यांनी नाक शिंकरलं. "चांगली हुती. त्या दिसापासनं रोज खाल्ली."

बयाबाईंनी कार्ड पदराच्या टोकात गुंडाळलं.

"आता फादरनी पुरे म्हणलंय. तू मोकळी झालीस. उद्यापासनं पाठवू नको," शालूबाई म्हणाल्या, आणि वळून आपल्या घराकडं चालू लागल्या. पेद्रूनं हात दिला तो त्यांनी झटकला.

*

सकाळी नातालीनला जाग आली ती शांततेनं. चॅपेलची सहाची घंटा होऊन गेली होती. या वेळी या घरात थापायचा आवाज असायचा. तिच्या सगळ्या लहानपणाची सुरुवात त्या आवाजानं झाली होती. सुट्टीला आली की ती डोळे न उघडता ऐकत पडायची.

आई खाटेवर बसली होती. केस विंचरलेले, हातात जपमाळ. कार्ड उशीपाशी.

"आई, रागावलीस?"

"व्हय."

नातालीन खाली, खाटेपाशी बसली.

"लई रागावले. रात्री झोप आली न्हाय," बयाबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आज काय करायचं गं? हाताला कायच काम न्हाय. प्रार्थना झाली. तोंड धुतलं. पुढं काय करायचं ते सुदरंना."

कोल्हापूरचं बोलायला ही चांगली वेळ होती. मोकळी झालेली आई, बांधून ठेवलेली बॅग, दहाची एस.टी. नातालीननं तोंड उघडलंही. पण खुंटीवरचा फडका दिसला, आणि ती उठून गॅसकडं गेली. तवा ठेवला. परातीत ज्वारीचं पीठ काढलं.

"तुला येत्या व्हय भाकरी?"

"कॉलेजात असताना येत होती."

"पाणी कडकडीत घे. आगं, एवढं न्हाय. मळ, मळ नीट. मनगट वापर की, मास्तरणीसारखी बोटं काय नाचवत्यास."

आई खाटेवरून हुकूम सोडत होती आणि बावन्न वर्षांची लेक ऐकत होती. दारात स्नेहल पदर तोंडावर धरून उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं. भाकरी परातीत थापताना फाटली. पुन्हा गोळा केला. दुसऱ्यांदा कशीबशी तव्यावर गेली, कडेला भेग पडलेली, नकाशातल्या एखाद्या जिल्ह्यासारखी.

"तवा तापला नव्हता," बयाबाई म्हणाल्या. "थेंब टाकून बघायचं असतंय. सांगितलं न्हाय व्हय मी कधी?"

"तू कधी मला करूच दिली नाहीस."

"खरं हाय ते," बयाबाई म्हणाल्या.

भाकरी खालून चिकटली, वरून करपली. नातालीन उलथनं घेऊन ती सोडवत होती, तेवढ्यात अंगणात काठीचा आवाज आला. टक. टक. मध्ये क्रुसापाशी थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि उंबऱ्याच्या बाहेर येऊन थांबला.

शालूबाई होत्या. पाठीवर ओले केस सोडलेले, स्वच्छ नऊवारी, पायात चपला नाहीत. त्यांनी आत पाहिलं. थेट खाटेकडं.

"भूक लागलीया," त्या म्हणाल्या. "दार उघडं हाय न्हवं?"

बयाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. त्यांनी वॉकरला हात घातला, उठायला गेल्या, नातालीन पळाली. पण तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या. "ये," त्यांना एवढंच बोलता आलं. मग पुन्हा, "ये की गं. ये."

शालूबाईंनी उंबऱ्यावर काठी ठेवली, चौकट धरली आणि पाय आत टाकला.

त्या गॅसपाशी पाटावर बसल्या. स्नेहलनं ताट ठेवलं, लोणचं वाढलं, दुधाची वाटी ठेवली. नातालीननं ती भेगाळलेली, एका बाजूनं काळी भाकरी ताटात घातली आणि लाजेनं मान खाली घातली. शालूबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली.

"ही कुणी केली?"

"मी, काकू."

"म्हशीला घालाय हवी हुती," त्या म्हणाल्या, तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्या खात राहिल्या. अर्धी राहिली ती त्यांनी उचलून बयाबाईंच्या ओंजळीत दिली. "खा. तू बी खा. आन् कोल्हापूरला न्यायाची आसंल तर दोघींना न्या म्हणावं. लिफ्टात बसायचं हाय मला एकदा."

बयाबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि खाऊ लागल्या. करपलेला भाग त्यांनी टाकला नाही.

नातालीन गॅसपुढं तशीच उभी होती, पिठानं भरलेले हात अंगापासून लांब धरून. आईनं तोंडातला घास गिळला आणि तिच्याकडं बघितलं.

"बघत काय राहिलीस?" बयाबाई म्हणाल्या. "दुसरी टाक. आता तवा तापलाय."